पडद्यावर न आलेली कोंबडी

मला एका जागी बसवत नाही. जेवताना मी दोनदा उठते, पत्र लिहिताना चारदा. घरातले म्हणतात, हिच्या पायाला चाकं आहेत. ही खोड मला जन्मापासूनची नाही. ती कधी लागली ते मला पक्कं ठाऊक आहे. सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, मी आठवीत असताना, परभणीच्या मुलींच्या शाळेत ती लागली, आणि ती लागली एका कोंबडीमुळे.

शाळेच्या मागे पाण्याचा हौद होता. त्याच्या पायऱ्यांवर मधल्या सुट्टीत आम्ही तिघी डबे घेऊन बसायचो. एक होती कृषी विद्यापीठाच्या वसाहतीतली. तिचे वडील तिथे नोकरीला, घरात रेडिओ, वेणीला रोज इस्त्री केलेली रिबीन. दुसरी चारठाण्याची. तिच्या घरी चांगली शेती, पण शिक्षणासाठी तिला परभणीत मावशीकडे ठेवलेलं. तिच्या डब्यात तिळाची चटणी असायची आणि ती चटणी ती आम्हाला न मागता वाढायची. तिसरी मी, ताडकळसची, मामाकडे राहणारी, वर्गात नवी. नावं कुणाचीच सांगणार नाही. दोघीही आता आज्ज्या आहेत आणि भांडायची हौस अजून गेलेली नसेल.

त्या दोघींचा एक खेळ होता. चित्रांच्या सिनेमातली गाणी सांगायचा. विद्यापीठवाली त्याला ऐटीत कार्टून म्हणायची. वसाहतीतल्या हॉलमध्ये शेतकऱ्यांसाठी शेतीच्या फिल्मा दाखवायचे, त्यांच्या आधी पाच-दहा मिनिटांची अशी एखादी रीळ असायची, हलत्या चित्रांची. तिच्या आवडीच्या गाण्यात उंदरांची पंगत बसलेली असे आणि एक जाडा उंदीर मिशा पुसत, पोत्यातलं वाढा, पोत्यातलं वाढा, असा ओरडत फिरे. चारठाण्याला सरकारची शेतीप्रचाराची गाडी आली होती. देवळापुढे पडदा लावून त्यांनी जी रीळ दाखवली, तिच्यात ज्वारीचे दाणे रांगेत उभे राहून औषधाची अंघोळ करत होते आणि अंघोळीचं गाणं म्हणत होते. खेळाचा नियम विद्यापीठवालीचा: आधी पडद्यावर काय हललं ते सांगायचं, मग गाणं म्हणायचं. चित्र सांगितल्याशिवाय गाणं मोजायचं नाही.

ताडकळसलाही गाडी आली होती, नाही असं नाही. बाजाराच्या दिवशी आली, पडदा लागला, अख्खं गाव संध्याकाळपासून जागा धरून बसलं, आणि जनरेटर काही केल्या सुरू होईना. पांढऱ्या कापडाकडे तासभर बघून माणसं उठून गेली. त्यामुळे माझ्याकडे सांगायला ना चित्र होतं ना गाणं. पहिले चार दिवस मी नुसतं ऐकलं. पाचव्या दिवशी विद्यापीठवालीने विचारलं, "तू काय, कधी बघितलंच नाहीस का?"

"बघितलंय की," मी म्हणाले. "आमच्या गावात गाडी आली होती."

"मग सांग."

आणि मी सांगितलं. आता विचार केला तर माझं मलाच नवल वाटतं, कारण मला अडखळायलाही झालं नाही. म्हटलं, एक एसटी आहे. लाल. आत एक बाई बसली आहे आणि तिच्या पिशवीतून कोंबडीची मान बाहेर आली आहे. कोंबडीला कळलंय की आपल्याला बाजारात विकायला नेत आहेत. म्हणून ती कंडक्टरला गाणं म्हणते. आणि मी ते म्हटलं:

थांबव गाडी, कंडक्टरभाऊ,
मला नाही बाजाराला जायचं,
पिल्लं माझी कणगीखाली,
त्यांना पंखाखाली कोणी घ्यायचं?

तिकीट माझं कापू नको रे,
पिशवीतून मी बघते बाहेर,
मागं मागं पळतंय शेत,
मागं राहिलं माझं माहेर.

चारठाण्याची हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. कोंबडीचं माहेर! विद्यापीठवालीने तिथल्या तिथे दोनदा म्हणवून घेतलं. मी कोंबडीच्या तोंडी मुद्दाम 'नाही' घातलं होतं, घरच्यासारखं 'न्हाई' नव्हे. सिनेमातली कोंबडी शिकलेली असणार, एवढी अक्कल मला होती.

हे मला इतक्या सहज कसं आलं, ते सांगायला हवं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते सरकारी रस्त्यावर मैलकुली होते. दोन-तीन मैलांचा रस्ता त्यांच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांना पाणी घालायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांची धूळ खायची. हे करता करता ते गाणी रचायचे. आमच्या वस्तीची गायन पार्टी होती, पेटी, ढोलकी आणि चार गळे. जयंतीला, लग्नात, कुणाच्या पुण्यतिथीला ही पार्टी दादांची गाणी गायची. आमच्या घरात भाकरी थापताना आईला सुद्धा कडवं जुळवताना मी ऐकलंय. कोंबडीच्या गाण्याची चालसुद्धा माझी नव्हती, ती दादांची होती, त्यांनी स्वतः बांधलेली. मी फक्त कोंबडी घातली.

एक गोष्ट मात्र माझ्याच्याने झाली नाही. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव आल्याशिवाय गाणं पुरं होत नाही. दादांच्या प्रत्येक गाण्याचा शेवट ठरलेला, सांगतो अमुक अमुक मानानं, आणि त्या जागी त्यांचं नाव. कुणी त्यांचं गाणं उचलून आपलं नाव घातलं की ते चार कोस चालत जाऊन भांडून यायचे. मी शेवटचं कडवं रचायला बसले की ते तिथे नाव मागे. सिनेमाच्या गाण्यात कुणाचं नाव घालणार? मी सांगून टाकलं, "पुढचं मला आठवत नाही."

खरं म्हणजे तेव्हाच म्हणायला हवं होतं, माझ्या वडिलांच्या चालीवर मी केलंय म्हणून. पण मामाने पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती. मामा कचेरीत कारकून होता आणि ज्या गल्लीत त्याने खोली घेतली होती तिथे आम्ही कोण हे कुणाला माहीत नव्हतं. तो म्हणाला होता, "विचारलं तर गावाचं नाव सांग. गावातली वस्ती सांगू नकोस." आमचं आडनाव गावावरून पडलेलं, हजेरीतून काही उमगत नसे. वडील गाणी करतात म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, कसली गाणी? त्याचं उत्तर दिलं की सगळंच सांगितल्यासारखं होणार होतं. मला त्या पायरीवर बसायचं होतं. तिळाची चटणी हवी होती. दुसरं काही नाही.

कोंबडी आठ दिवसांत शाळाभर झाली. प्रार्थनेच्या रांगेत मुली गुणगुणायला लागल्या. पाचवीच्या मुली एकमेकींच्या वेण्या धरून 'थांबव गाडी' म्हणत अंगणात फिरायच्या. गाण्याच्या बाईंनी ते ऐकलं आणि स्नेहसंमेलनात बसवायचं ठरवलं. वर्गातले लाकडी फळे जोडून एसटी करायची, मी कोंबडी, विद्यापीठवाली कंडक्टर. बाई म्हणाल्या, "शेवट कसा आहे गं? कोंबडी उतरते की बाजारात जाते?"

"आठवत नाही, बाई."

"आठव की. अपुरं कसं म्हणायचं?"

तिथून माझ्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. विद्यापीठवाली म्हणाली, काळजी करू नकोस, बाबांना सांगते, ते रीळ मिळवतील, आपण सगळ्या मिळून बघू. वर म्हणाली, तुझ्यासाठी! मी नुसती हसले. तिचे वडील हॉलमधल्या रिळांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणार. ते कुणाला तरी विचारणार. तो माणूस म्हणणार, असली रीळ नाहीच. मग ही उद्या सकाळी येऊन माझ्याकडे बघणार. मी रोज सकाळी ती फाटकातून आत येताना तिचा चेहरा बघायची. एक सोमवार गेला. तिने सांगितलं, आमच्याकडे नाही म्हणाले, गाडीवाल्यांकडे असेल, बाबांनी त्यांना पत्र घातलंय. म्हणजे आता पत्राची वाट. मी घास तोंडात धरून बसायची, मामी म्हणायची, गिळ तरी. शाळेत बाकावर या कडेवरून त्या कडेला सरकायची. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, बाकाला काटे आहेत का? रोज ठरवायची, आज सांगून टाकू. पायरीवर बसलं की चटणी वाढलेली असायची आणि मी उद्यावर ढकलायची. किती भित्री होते मी! अजून राग येतो.

थंडी पडली होती, हुरड्याचे दिवस. एक दिवस मधल्या सुट्टीत शिपाईमावशी हौदापाशी आली. म्हणाली, गावाकडनं कुणी आलंय. बघते तर तिच्या मागेच दादा. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर हुरड्याचं गाठोडं. मामाच्या खोलीला कुलूप म्हणून ते शाळेत आले होते. आणि नेमक्या त्याच वेळी दहा-बारा मुली पायरीवर कोंबडीचं गाणं घोळवत होत्या.

दादा थांबले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. त्यांची बोटं गाठोड्यावर ठेका धरायला लागली. मला कुणी जमिनीत पुरलं असतं तर बरं झालं असतं. बापाला स्वतःची चाल ओळखायला किती वेळ लागतो?

"कुनाचं गानं म्हनायल्यात ह्या?" त्यांनी मला विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "सिनेमातलं आहे, दादा."

मी 'आहे' म्हणाले. घरी मी 'हाय' म्हणते. त्यांनी ते ऐकलं आणि एक क्षण माझ्या तोंडाकडे बघितलं.

विद्यापीठवाली पुढे झाली. मुलगी तशी गोड होती. म्हणाली, "काका, तुमच्या गावात गाडी आली तेव्हा ही रीळ दाखवली होती ना? हिला शेवट आठवत नाही. तुम्ही बघितलीत का?"

माझा बाप आयुष्यात खोटं बोलला नव्हता असं मी म्हणणार नाही. साहेबाशी, सावकाराशी सगळेच बोलतात. पण गाण्याच्या बाबतीत नाही. मी डोळे मिटले.

"व्हय बाई," दादा म्हणाले. "दाखिवली व्हती. मी बघितली की."

"मग शेवट काय?"

दादांनी गाठोडं खाली ठेवलं, घसा साफ केला, आणि उभ्या उभ्या, तिथल्या तिथे, त्या मुलींपुढे कडवं रचलं:

थांबली गाडी, उघडलं दार,
चालली कोंबडी रानानं,
पिल्लांपाशी पायी जाईन,

इथे ते अडले. अर्धा श्वास, जास्त नाही. मुलींना वाटलं असेल, काकांना आठवत नाही. मला माहीत होतं त्या जागेवर काय यायचं होतं, तीस वर्षं काय येत होतं. मग ते म्हणाले:

सांगते कोंबडी मानानं.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. चारठाण्याची म्हणाली, काकांचा आवाज किती छान आहे. विद्यापीठवालीने धावत जाऊन वही आणली आणि कडवं उतरून घेतलं, वर शीर्षक घातलं, चित्रपट. दादांनी वाकून सगळ्या पोरींच्या ओंजळीत हुरडा घातला. मी आता अगदी सुरक्षित होते. पत्राचं उत्तर काहीही येवो, माझ्या बाजूने साक्षीदार उभा होता. आणि मला तिथे उभं राहवेना.

मी त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे मी म्हणाले, "दादा, नाव का न्हाई घातलं?"

"कुनाचं घालू? तूच म्हनलीस सिनेमातलं हाय."

"मी तुमची चाल चोरली."

"चोरली न्हाईस. आपल्या घरातली चाल हाय, ती तुजीच हाय." ते चालता चालता थांबले. "चोरायला काय, लोक चोरत्यात. मी भांडून आनतो. पर आपनच आपलं उचलून दुसऱ्याच्या घरात निऊन ठिवलं, तर भांडावं कुनासंगं? तुज्यासंगं भांडू का?"

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवता येत नव्हतं. स्टँडकडे जाणारा टांगा आला, पण ते पायीच गेले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दोघींना हौदापाशी थांबवलं. म्हणाले, अशी रीळ नाही. गाडी आली तेव्हा जनरेटर बंद होता. कोंबडी मी केली, चाल दादांची, ते मैलकुली आहेत, आणि शेवटचं कडवं त्यांनी आज तुमच्यापुढे रचलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर सांगितलं नसतं.

चारठाण्याचीने विचारलं, "तुझे वडील गाणी करतात? कसली?"

"जयंतीची," मी म्हणाले. "आमच्या विहारापुढे म्हणतात ती."

तिला कळलं. ती काही वाईट बोलली नाही. घरी जायला उशीर होतोय म्हणाली आणि गेली. विद्यापीठवाली मात्र तिथेच उभी राहिली. "माझ्या बाबांनी पत्र घातलं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. दोन वेळा घातलं. तू रोज माझ्यासमोर बसून ऐकत होतीस!" तिचा राग मला मान्य होता. तिच्या वडिलांचं मी खरंच हसं करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाण्याच्या बाईंनाही सांगितलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, कसली गाणी, आणि तेच उत्तर ऐकलं. बघू म्हणाल्या. दोन दिवसांनी कळलं की कोंबडी रद्द, त्याजागी झेंड्यांची कवायत. कारण कुणी सांगितलं नाही. फळ्यांची एसटी पुन्हा भिंतीला लागली.

चारठाण्याचीने डबा व्हरांड्यात दुसऱ्या मुलींत नेला. मला बघून मान हलवायची, कधी वहीसुद्धा द्यायची, पण चटणी पुन्हा आली नाही. मी विचारलं नाही. दोघींनाही माहीत होतं, मग काय विचारायचं? हौदाच्या पायरीवर मी एकटी बसायची, म्हणजे बसायची कुठली, एक घास खायचा, हौदाला फेरी मारायची, दुसरा घास. मामाला मी हे कधीच कळू दिलं नाही. खोली बदलावी लागेल म्हणून तो घाबरला असता.

बारा-तेरा दिवस असे गेले. मग एका सुट्टीत विद्यापीठवाली आली. उभीच राहिली. हातात डबा होता, पण उघडला नाही.

"पत्राचं उत्तर आलं," ती म्हणाली. "असली फिल्म नाही म्हणून."

"हो."

"बाबांना मी खरं सांगितलं. खूप हसले. म्हणाले, मैलकुलीने उभ्या उभ्या कडवं केलं?"

मला हसूही येईना आणि रडूही. ती पायरीवर बसली, माझ्यापासून एक पायरी खाली. रिबीन ओढत राहिली. राग अजून होता, तो तिच्या नाकावर दिसत होता.

"दुसरं एखादं सांग," ती म्हणाली.

"मी दुसरी रीळ बघितलेली नाही गं. खरंच एकही नाही."

"रिळीतलं नकोच. तुझ्या वडिलांचं सांग. तुमच्या विहारापुढे म्हणतात ते."

दादांची शंभर गाणी मला पाठ होती. झोपेत म्हणता आली असती. त्या क्षणी एकही आठवेना. व्हरांड्यात मुली डबे खात होत्या, चारठाण्याची त्यांच्यात होती, हौदापासून तिथवर पंधरा पावलं. हळू म्हटलं असतं तर विद्यापीठवालीलाच ऐकू गेलं असतं, आणि ते पुरेसंही झालं असतं. मी उठून उभी राहिले. बसून ती गाणी म्हणतच नाहीत. पहिली ओळ घशातून फाटकी निघाली. दुसऱ्या कडव्याला आवाज लागला. व्हरांड्यातल्या मुलींनी माना वळवल्या, कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोललं. मी थांबले नाही. शेवटच्या कडव्यात दादांचं नाव आलं, आडनावासकट, गावासकट, वस्तीसकट, आणि मी ते चारठाण्याचीकडे बघून घेतलं.